पेशी जपणाऱ्या कमलताई

आमच्या वालीवमध्ये आरोग्य शिबिर असलं की बायका गुडघे सांगतात, अशक्तपणा सांगतात. मानेतली, काखेतली गाठ मात्र दुखत नाही म्हणून सांगायची राहून जाते. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, पुष्कळदा अशाच न दुखणाऱ्या गाठीने सुरू होतो. या आजाराबद्दल वाचताना मला डॉ. कमल रणदिवे आठवतात.

कमलताई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. पण हुजूरपागेत शिकलेल्या या लेकीने वाट निवडली ती संशोधनाची. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न करून त्या मुंबईला आल्या. संसार, मुलगा सांभाळत १९४३ मध्ये एमएस्सी आणि १९४९ मध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली. नवऱ्याची साथ होतीच.

पुढे त्या अमेरिकेत डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. म्हणजे काय? तर पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, ऊब आणि अन्न देऊन जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या. जरा जंतू शिरला की सगळी मेहनत वाया! स्तनाच्या कॅन्सरचं हार्मोन, विषाणू आणि आनुवंशिकतेशी असलेलं नातंही त्यांनी अभ्यासलं.

आज लिम्फोमाच्या एका नव्या उपचारात पेशी वाढवण्याची हीच विद्या कामी येते. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. कॅन्सरशी फार काळ झुंजून त्या थकतात. मरत नाहीत, पण मारण्याची ताकद हरवून बसतात. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून, प्रयोगशाळेत वाढवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या अशा भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र काढलेल्या पेशी आधीच थकलेल्या असतील, तर गुण येण्याची शक्यता कमी होते. म्हणून हा थकवा कसा टाळायचा, यावर जगभर संशोधन चालू आहे.

कमलताई प्रयोगशाळेतच रमून राहिल्या नाहीत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी बायका-मुलांच्या आहाराचं काम करत राहिल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.

मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं. भिंगाखालची पेशी आणि पाड्यावरची बाई, दोघींकडे त्यांनी सारख्याच काळजीने पाहिलं. आपण निदान स्वतःकडे तरी तसं पाहू या. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, किंवा सोबत ताप, रात्री दरदरून घाम, वजन घटणं असेल, तर डॉक्टरांना दाखवायचंच. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि लिम्फोमाचे बरेच प्रकार नेहमीच्या औषधोपचारांनीही बरे होतात. घरातली कामं आटपल्यावर बघू, असं मात्र म्हणू नका. कामं कधीच आटपत नाहीत, हे तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे!