लेकरांचा गुरू : बिशप कोमेनिअस

शब्बाथ शाळेत शिक्षकाने मेंढपाळाचे चित्र भिंतीवर टांगले की अगदी मागे बसलेले लेकरूही मान उंच करून पाहू लागते. चित्रांच्या द्वारे बालकांस ज्ञान देण्याची ही रीत आज आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की तिचा पाया कोणी घातला, याचा विचार क्वचितच मनात येतो. पाया घालणाऱ्यांत योहान आमोस कोमेनिअस हे अग्रगण्य होत. त्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांस सादर करीत आहो.

कोमेनिअस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोरेव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आता चेक प्रजासत्ताकात मोडतो. १४१५ साली जिवंत जाळण्यात आलेल्या यान हुस या सुधारकाच्या अनुयायांतून जी बंधुमंडळी उदयास आली, तिचे त्यांचे घराणे होते. सुमारे बाराव्या वर्षी ते आईबापांस अंतरले. लॅटिन शाळेत त्यांचा प्रवेश झाला तो सोळाव्या वर्षी. त्या काळच्या शाळांत अर्थ न कळता पाठांतर करावे व चुकल्यास छडी खावी, असा क्रम असे. जाणत्या वयात हे पाहिल्यामुळे त्यातील दोष त्यांच्या मनावर कायमचा ठसला.

१६१६ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली व १६१८ साली फुल्नेक गावची मंडळी त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी युद्ध पेटले. १६२० साली सुधारलेल्या मंडळ्यांच्या पक्षाचा पराभव होताच पाळकांचा छळ सुरू झाला. कोमेनिअस लपून राहिले. १६२२ साली साथीच्या रोगाने त्यांची तरुण पत्नी व दोन्ही मुलगे त्यांच्यापासून हिरावून नेले. पुढे त्यांची पुस्तकेही जाळण्यात आली. अखेर १६२८ साली स्वदेश सोडून ते पोलंडातील लेश्नो गावी गेले. ज्याची लेकरे मातीत गेली, त्याने पुढे इतरांच्या लेकरांसाठी आपले आयुष्य वेचले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

श्रीमंत व गरीब, मुलगे व मुली, सर्वांस शिक्षण मिळावे, आणि पहिली सहा वर्षे आईची मांडी हीच शाळा असावी, असे त्यांचे मत होते. १६४८ साली ते बंधुमंडळीचे बिशप झाले. त्याच वर्षी तह झाला, परंतु त्या तहाने त्यांच्या लोकांस स्वदेशाचे दार उघडले नाही. १६५० पासून चार वर्षे त्यांनी हंगेरीतील शारोशपाटक येथील शाळेत काम केले, आणि तेथेच चित्रमय जगाचे आपले पुस्तक रचले. चित्रे कोरणारा योग्य कारागीर तेथे नसल्याने ते छापण्याचे काम खोळंबले.

मध्यंतरी १६५६ साली युद्धात लेश्नो गाव जळाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून तयार केलेला चेक व लॅटिन शब्दांचा कोश त्या आगीत भस्म झाला. परंतु चित्रांचे पुस्तक वाचले होते. ते १६५८ साली न्युर्नबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात दीडशे पाठ आहेत. आरंभी अक्षरे असून प्रत्येक अक्षराजवळ एखादा प्राणी व त्याचा आवाज दिला आहे. कावळा व कोकरू यांच्या ओरडण्यातून मूल अक्षर शिकते. पुढे अग्नी, पाणी, झाडे, पशू, भाकरी भाजणारा, चांभार, शाळा अशी चित्रे येतात. चित्रातील वस्तूस जो अंक दिला आहे तोच अंक खाली लॅटिन व जर्मन शब्दांजवळ आहे. त्यामुळे डोळा वस्तूवर व जीभ शब्दावर एकदमच जाते. पहिला पाठ देवाविषयी आहे व शेवटचा न्यायाच्या दिवसाविषयी. एका वर्षातच त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि पुढे अनेक पिढ्यांची मुले त्यावर शिकली.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ॲम्स्टरडॅम येथे त्यांनी देह ठेवला. जवळच्या नार्डेन गावी त्यांची कबर आहे. स्वदेशी परत जाऊन राहणे त्यांस लाभले नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीत चित्रांस पैसा नसेल. पण बी, दिवा, कोकरू व भाकर यांवाचून कोणते खेडे आहे? मुलास शब्द घोकविण्यापूर्वी ती वस्तू त्याच्या हाती द्यावी, आणि ती देणाऱ्या देवाची त्यास ओळख करून द्यावी. एवढे आपण केले, तर या परागंदा पाळकाचे श्रम आपल्या घरीही फळास येतील.