पंडिता रमाबाई

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून रमाबाईंचे चरित्र मला जवळचे वाटते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. पुढे दुष्काळात आईवडील गेले. १८८२ साली वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा. पण त्या खचल्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. नंतर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त निराधार बायका-मुली शिकल्या, उद्योगाला लागल्या. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या.

माझी आईही विधवा. संभाजीनगरात धुणीभांडी करून ती मला शिकविते. स्वतः मात्र अंगठा उठविते. लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकविले. या सुटीत मी आईला सही शिकविणार आहे.