विश्लेषण : बीथोव्हेन इतका तापट का होता?

लुडविग व्हान बीथोव्हेनच्या संतापाचे किस्से व्हिएन्नात त्याच्या हयातीतच पसरले होते. नोकर टिकत नसत, मित्रांशी खटके उडत. हा निव्वळ स्वभावदोष होता का?

बहिरेपणाचा परिणाम काय?

१७७० मध्ये बॉन येथे जन्मलेल्या बीथोव्हेनचे बालपण मद्यपी वडिलांच्या धाकात गेले. विशीच्या अखेरीस त्याला कमी ऐकू येऊ लागले. संगीतकारालाच ऐकू येत नाही, हे लपवण्यासाठी तो माणसे टाळू लागला. १८०२ मध्ये भावांसाठी लिहिलेल्या, पण कधीच न पाठवलेल्या पत्रात त्याने कबुली दिली, की जीव देण्याचा विचार मनात आला होता. कलेने त्याला रोखले.

पुतण्याचा वाद काय होता?

१८१५ मध्ये भाऊ कास्पर वारला. पुतण्या कार्लच्या ताब्यासाठी बीथोव्हेन भावजयीशी सुमारे चार वर्षे न्यायालयात भांडला आणि १८२० मध्ये जिंकला. १८२४ मध्ये त्याच्या नवव्या सिम्फनीतून साऱ्या मानवजातीच्या बंधुभावाचे गाणे घुमले. घरात मात्र त्याच्या मायेचा कार्लला जाच होत होता. १८२६ मध्ये कार्लने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला, पण काका खचला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये आजारपणात बीथोव्हेनचे निधन झाले. आपली मालमत्ता त्याने कार्लच्याच नावे केली होती.