किब्ल्यासाठी पृथ्वी मोजणारे अल्-बिरूनी

अरबी समुद्रात वादळ उठले की हवामान खाते त्याचे स्थान अक्षांश-रेखांशांत कळवते. कोल्हापूरचा वाचक ते नकाशावर टिपून वादळ किती दूर आहे ते पाहतो. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाताना आखूड होतो, कोल्हापूरपाशी तो सुमारे १०७ किलोमीटर भरतो. गोल पृथ्वीवरील अंतराचे हे गणित अबू रैहान अल्-बिरूनी (रह.) यांनी हजार वर्षांपूर्वी किब्ल्यासाठी मांडले होते.

त्यांचा जन्म हि. ३६२ (इ. स. ९७३) मध्ये ख्वारिज्मच्या काथ शहरी झाला. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी दोन शहरांच्या वेळांतील फरक हवा, आणि तो कळवणारे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. इ. स. ९९७ मध्ये बगदादेत अबुल वफा आणि काथमध्ये बिरूनी यांनी आधी ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिले. दोन्हीकडच्या स्थानिक वेळांत सुमारे एका तासाचा फरक निघाला. एक तास म्हणजे १५ अंश.

इ. स. १०१७ मध्ये सुलतान महमूद यांनी ख्वारिज्म जिंकले आणि बिरूनींना गझनीस नेण्यात आले. पुढच्या वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात, हाताशी एकही उपकरण नसताना, त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या मागे कंस आखला व सूर्याची उंची मोजली. त्यांच्या चरित्रातील हाच प्रसंग मला सर्वांत थोर वाटतो. वतन सुटले होते, मोजणे सुटले नव्हते.

‘तहदीद’ हा ग्रंथ इ. स. १०२५ मध्ये पूर्ण झाला. गझनीचा किब्ला निश्चित करण्यासाठी त्यांनी काफिल्यांच्या वाटांची अंतरे घेतली, वळणांची वजावट केली आणि शहरामागून शहर जोडत बगदाद ते गझनी हा रेखांशातील फरक काढला. पंजाबातील नंदना किल्ल्यापाशी डोंगराची उंची आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसते, एवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ‘किताबुल हिंद’मध्ये मराठ्यांचा देश आणि कोकणची राजधानी ठाणे यांचाही उल्लेख आहे. इ. स. १०४८ च्या सुमारास गझनीतच त्यांचे निधन झाले.

याच गणिताने कोल्हापूरहून काबा सुमारे ३,६५० किलोमीटरवर येतो. त्याची दिशा नेमकी पश्चिम नसून उत्तरेकडे सुमारे १४ अंश कललेली आहे. नमाजासाठी एवढी तफावत फकिहांनी क्षम्य मानली आहे. नवी मशीद आखताना मात्र हा आकडा गवंड्याच्या हाती असावा.