वऱ्हाडचे प्रतिनिधी : लोकनायक बापूजी अणे

संघराज्यात लहान प्रदेशाचे स्थान काय असावे आणि अल्पसंख्य समाजाला विश्वास कसा वाटावा, या दोन प्रश्नांची चर्चा आज राज्यशास्त्राच्या वर्गांमध्ये होते. यवतमाळ जिल्ह्यातील एका वकिलाने हे दोन्ही प्रश्न साठ वर्षे प्रत्यक्ष राजकारणात हाताळले. दिल्लीचे विधिमंडळ, सिलोनमधील चहाचे मळे, बिहारचे राजभवन आणि अखेरीस लोकसभा असा त्यांचा प्रवास झाला. माधव श्रीहरी अणे हे त्यांचे नाव. वऱ्हाडाने त्यांना बापूजी म्हटले आणि देशाने लोकनायक ही पदवी दिली. त्यांनी मांडलेल्या प्रश्नांपैकी एक अद्याप अनुत्तरित असल्यामुळे त्यांचे चरित्र केवळ गौरवाचा विषय राहत नाही.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती आणि तिचा ठसा त्यांच्यावर अखेरपर्यंत राहिला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अमरावतीत शिक्षकाचे काम केले. पुढे कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी यवतमाळ येथे वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांचे अनुयायी म्हणून ते सार्वजनिक जीवनात आले. यवतमाळात त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘लोकमत’ या साप्ताहिकाचे नाव टिळकांनीच सुचविले होते. हेच नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी पुनरुज्जीवित केले आणि १९७१ पासून ते नागपूरच्या दैनिकाचे नाव झाले.

ना इंग्रजांचा, ना निजामाचा

अणे यांच्या राजकीय विचाराचे मूळ वऱ्हाडच्या विलक्षण घटनात्मक स्थितीत आहे. हा प्रांत निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात दिला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०२ मध्ये, वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि पुढच्याच वर्षी कारभारासाठी मध्य प्रांताला जोडण्यात आला. कारभार इंग्रजांचा आणि सार्वभौमत्व नाममात्र निजामाचे, अशी ही व्यवस्था होती. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता.

त्याचा परिणाम विधिमंडळातही दिसे. वऱ्हाडातील मतदारांनी निवडून दिलेल्या सदस्याला सरकार औपचारिकरीत्या नामनियुक्त करी, मगच त्याला मध्यवर्ती विधिमंडळात बसता येई. अणे १९२४ पासून तेथे बसले आणि कामकाजाच्या नोंदींत त्यांच्या नावापुढे वऱ्हाडचे प्रतिनिधी असा उल्लेख येत राहिला. ज्या प्रदेशाचे स्थान दोन सत्तांच्या करारांवर ठरत होते आणि ज्याच्या रहिवाशांना त्या करारांबाबत कोणी विचारले नव्हते, त्याचे प्रतिनिधित्व ते करीत होते. प्रदेशाच्या भवितव्याविषयी तेथील रहिवाशांचे मत निर्णायक असावे, हा त्यांचा पुढील आयुष्यातील आग्रह या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

सर्वपक्षीय परिषदेने १९२८ मध्ये भावी राज्यघटनेची रूपरेषा ठरविण्यासाठी पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत अणे यांचा समावेश होता. या समितीच्या अहवालाने विभक्त मतदारसंघ नाकारून संयुक्त मतदारसंघ सुचविले, ठरावीक ठिकाणी अल्पसंख्याकांना राखीव जागा देऊ केल्या आणि प्रांतांची भाषिक तत्त्वावर पुनर्रचना मान्य केली. मुस्लिम लीगला तो मसुदा पुरेसा वाटला नाही. धर्मावर आधारलेला मतदारसंघ अमान्य आणि प्रदेशाचे वेगळेपण मान्य, ही अणे यांच्या विचारांची दोन टोके मात्र या अहवालात एकत्र दिसतात. त्याच वर्षी ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

जंगल सत्याग्रह आणि काँग्रेसचे नेतृत्व

महात्मा गांधींच्या दांडीयात्रेनंतर देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. परंतु वऱ्हाडाला समुद्र नाही. येथील शेतकऱ्याला जाचत होता तो जंगल कायदा. गुरांची चराई आणि गवताची कापणी या रोजच्या गरजांवर त्या कायद्याची बंधने होती. अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला आणि सहा महिन्यांचा कारावास पत्करला. त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात जंगल सत्याग्रहाचे लोण पसरले. याच महिन्यात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही यवतमाळ परिसरात सत्याग्रह केला.

कारावासानंतर अणे यांचे नाव राष्ट्रीय पातळीवर विश्वासाने घेतले जाऊ लागले. बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत वितुष्ट आले, तेव्हा १९३१ मध्ये लवादाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. बहुतेक नेते तुरुंगात असताना १९३३ मध्ये ते काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष होते. जुलै महिन्यात पुण्यात झालेल्या अनौपचारिक परिषदेनंतर सामुदायिक कायदेभंग थांबविण्याची घोषणा त्यांनाच करावी लागली. थकलेल्या चळवळीला विराम देण्याचे हे अप्रिय काम होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

जातीय निवाड्यावरून फारकत

ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर केला. मुस्लिम, शीख, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपीय यांना त्यात विभक्त मतदारसंघ मिळाले. दलितांसाठीची तरतूद पुणे कराराने बदलली. बाकीचा निवाडा कायम राहिला. बंगालच्या अडीचशे जागांपैकी ११९ मुस्लिमांसाठी आणि ८० सर्वसाधारण म्हणून निश्चित झाल्या. मूठभर युरोपीयांना तेथे त्यांच्या संख्येच्या कितीतरी पट जागा देण्यात आल्या.

निवाडा स्वीकारायचा नाही आणि फेटाळायचाही नाही, असे धोरण काँग्रेसने १९३४ मध्ये ठरविले. फेटाळल्यास मुस्लिम समाज दुरावेल आणि स्वीकारल्यास राष्ट्रीयत्वाच्या तत्त्वाला बाधा येईल, असा तो पेच होता. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांना ही तटस्थता मान्य झाली नाही. त्यांनी वेगळे होऊन काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष स्थापन केला. वर्षभरापूर्वी काँग्रेसचे सुकाणू हाती असलेला नेता आता तिच्याविरुद्ध निवडणूक लढवीत होता. पक्षाचा प्रभाव मुख्यतः बंगालमध्ये दिसला; अणे पुन्हा मध्यवर्ती विधिमंडळात आले.

मतदारांची धर्मानुसार विभागणी केली की कोणत्याही उमेदवाराला दुसऱ्या समाजाचे मत मागण्याची गरज उरत नाही. विभक्त मतदारसंघांमधील हा दोष पुढील दशकात देशाने अनुभवला. मात्र बहुसंख्येच्या राज्यात आपला आवाज दबून जाईल ही अल्पसंख्याकांची भीतीही खरी होती. तिचे निरसन कसे करावे, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडेही नव्हते.

सरकारात आणि सिलोनमध्ये

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व अणे यांनी १९४१ मध्ये स्वीकारले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या परंपरेत त्यांना हे विसंगत वाटले नसावे. परंतु ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे सारे नेतृत्व गजाआड गेले, तेव्हा ते त्या मंडळात होते, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त बाब होय. विदर्भातील चिमूर येथील अत्याचारांच्या चौकशीची मागणी घेऊन प्रा. भन्साळी यांनी उपोषण आरंभिले, ते दिल्लीत अणे यांच्याच निवासस्थानी. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अणे यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. तेथील चहा व रबराच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांच्या मताधिकाराचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. मळ्यांच्या डोंगराळ भागातील सिंहली समाजाला या मतांची धास्ती होती. भारत सरकारने १९३९ मध्येच अकुशल मजुरांच्या स्थलांतरावर बंदी घातली होती आणि दोन देशांतील बोलणी वारंवार अडत होती. नव्या घटनेसाठी आलेल्या सोल्बरी आयोगाचे कामकाजही अणे यांच्याच कार्यकाळात झाले.

हा प्रश्न त्यांच्या काळात सुटला नाही. स्वतंत्र सिलोनने १९४८ च्या कायद्याने नागरिकत्वाचा आधार वंशपरंपरेवर ठेवला आणि मळ्यांवरील बहुसंख्य मजूर राज्यविहीन झाले. लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यातील १९६४ च्या करारात पावणेदहा लाख माणसांचा हिशेब मांडला गेला. सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे आणि उरलेल्यांचा निर्णय नंतर, असे ठरले. उर्वरितांना नागरिकत्व देणारा कायदा श्रीलंकेत व्हायला २००३ साल उजाडले. वऱ्हाडच्या रहिवाशांना न विचारता त्यांचे भवितव्य जसे ठरले होते, तसेच येथे मजुरांचे ठरले.

राज्यपाल, मग पुन्हा रस्त्यावर

भारतात परतल्यावर अणे संविधान सभेचे सदस्य झाले. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. सरायकेला व खरसावां ही संस्थाने १९४८ मध्ये बिहारला जोडण्यात आली आणि दक्षिणेकडील आदिवासी पट्ट्यात जयपाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र झारखंडची मागणी संघटित होत होती. प्रदेशाच्या अस्मितेचा प्रश्न त्यांना येथेही, परंतु राज्यकर्त्याच्या बाजूने पाहावा लागला.

इकडे विदर्भाचा प्रश्न नव्याने उभा राहिला होता. विदर्भासाठी स्वतंत्र विधिमंडळ असलेला उपप्रांत देऊ करणारा अकोला करार ऑगस्ट १९४७ मध्ये झाला होता. सप्टेंबर १९५३ मधील नागपूर कराराने संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाला न्याय्य वाटा आणि दरवर्षी नागपुरात एक अधिवेशन देण्याचे आश्वासन दिले. अणे यांचे समाधान आश्वासनांनी होणारे नव्हते. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये यवतमाळसह आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले, तेव्हा या मागणीला अधिकृत मान्यतेचे बळ आले. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला.

वयाच्या पंचाहत्तरीनंतर निवृत्त होण्याऐवजी अणे नागविदर्भ आंदोलन समितीच्या अग्रभागी उभे राहिले. नागपूर मतदारसंघाच्या १९५९ मधील पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचे विधेयक संसदेत आले, तेव्हा ते सभागृहात होते. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यानंतरही नागपूरच्या मतदारांनी १९६२ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या समर्थकांना त्यांची भूमिका मराठी भाषिकांच्या ऐक्याला तडा देणारी वाटली. एका भाषेची दोन राज्ये असण्यात काहीही वावगे नाही, हा विदर्भवाद्यांचा प्रतिवाद होता. हिंदीभाषक राज्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर होतेच.

२६ जानेवारी १९६८ रोजी अणे यांचे निधन झाले. त्याच प्रजासत्ताक दिनी त्यांच्या नावापुढे पद्मविभूषण हा सन्मान लागला. टिळकांच्या जीवनावर त्यांनी रचलेल्या ‘तिलकयशोर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

निकाल न लागलेला दावा

अणे यांच्या भूमिकांत विसंगती शोधणे सोपे आहे. सत्याग्रही आणि सरकारचे मंत्री, काँग्रेसचे अध्यक्ष आणि तिचे विरोधक, अखंड राष्ट्राचे पुरस्कर्ते आणि स्वतंत्र राज्याचे आंदोलक अशी त्यांची रूपे दिसतात. मात्र दोन प्रमुख प्रश्नांवर ते बदलले नाहीत. प्रतिनिधित्वाचा आधार धर्म असू नये, हे त्यांचे एक मत. प्रदेशाचे स्थान तेथील जनतेच्या इच्छेने ठरावे, हे दुसरे. पहिले स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने स्वीकारले आणि विभक्त मतदारसंघ संपुष्टात आले.

दुसऱ्या मताचा निकाल मात्र प्रदेशागणिक वेगळा लागला. झारखंड नोव्हेंबर २००० मध्ये राज्य झाले, तेलंगण २०१४ मध्ये झाले. फाजल अली आयोगाने शिफारस केलेला विदर्भ झाला नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाच्या अनुशेषाची मोजदाद केली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि तरीही यवतमाळ जिल्ह्याचे नाव शतकाच्या आरंभी देशभर गाजले, ते कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अणे यांचे नातू आणि राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना स्वतंत्र राज्याच्या मागणीवरून उठलेल्या वादळात मार्च २०१६ मध्ये पद सोडावे लागले.

वेगळ्या राज्याने ही दुःखे टळली असती, असे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. एकत्र राहण्याच्या बदल्यात दिलेली वचने किती पाळली गेली, हे मात्र तपासता येते. वऱ्हाडच्या या प्रतिनिधीने विधिमंडळात आणि संसदेत हाच हिशेब मागितला होता. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या दोन्ही बाजूंना, विदर्भवाद्यांना आणि अखंड महाराष्ट्राच्या पुरस्कर्त्यांना, तो आजही चुकविता येणार नाही.