दुष्काळाने विचारलेला प्रश्न

चैत्रात खानदेशातून वणीच्या सप्तशृंगगडाकडे भाविक अनवाणी निघतात. कुणाचे मूल आजारी, कुणाचे शेत करपलेले. आई असताना हे भोग का, हा प्रश्न न बोलताही पायऱ्या चढत असतो. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पंडिता रमाबाईंच्या वाट्याला फार निष्ठुरपणे आला.

जन्म १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, लोकांचा रोष पत्करून. पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दुष्काळ आला तेव्हा अनुष्ठाने आणि दानधर्म यांत गाठीचे सारे सरले. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागवत नाही. झाडपाल्यावर दिवस निघाले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी पांघरूण नव्हते म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. इतक्या उपासनेला देव पावला नाही, तेव्हा श्रद्धा ढासळली यात नवल नाही.

कोलकात्याने १८७८ मध्ये त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ परिचित आहे. पुढे १८९३ मध्ये शारदा सदनातून अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. वादाच्या धुरळ्यात त्यांची भूक मात्र समाजाला फारशी दिसली नाही.

ती भूक त्या विसरल्या नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळग्रस्त मुलीही तेथे आल्या. दुःख देव का देतो, याची तात्त्विक उकल रमाबाईंनी फारशी केली नाही. शिजलेले अन्न, छपाई-विणकामाचे शिक्षण आणि अंधांसाठी वर्ग यांतच त्यांचा दिवस जाई.

पुन्हा आघात झालाच. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. बहिऱ्या, थकलेल्या रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या सोप्या मराठी बायबलची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, काम हातावेगळे होताच, त्यांनी देह ठेवला.