कायदा शिकविणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून घरोघरी ठाऊक आहेत. परंतु ते कायद्याचे प्राध्यापकही होते, हे आपणांपैकी थोड्याच भगिनींना माहीत असेल.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव मात्र कोकणातलेच, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. अमेरिकेत शिकून आल्यावर १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. प्रारंभी विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी आस्था नव्हती; पुढे दुसऱ्या कॉलेजांतील मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. त्याच कॉलेजात काही सहकाऱ्यांनी मात्र प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्याला हरकत घेतली. तळ्याकाठी नांदणाऱ्या आम्हां धामापूरकरांची मान हे वाचताना खाली जाते.

पुढे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी कायदे कौन्सिलात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेचा पुरस्कार केला. २७ मे १९३५ रोजी पत्नी रमाबाई वारल्या. दापोलीजवळच्या वणंदची ही लेक. पती परदेशी शिकत असता तिने हालअपेष्टांत संसार सांभाळला होता. ते दुःख ताजे असतानाच, जूनच्या आरंभी, बाबासाहेब लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. १९३८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे, यावर कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी लेखही लिहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्री या नात्याने त्यांनी हिंदू कोड बिलाचा कैवार घेतला. मुलीला वारसा मिळावा, असह्य विवाहातून स्त्रीला सुटता यावे, अशी त्यात तरतूद होती. बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यातील पुष्कळ गोष्टी १९५५-५६ च्या कायद्यांत आल्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

तरीही भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर बहीण न वाचताच सही करते, असे अजून घडते. माहेरची माया कोणाला नको? हक्क सोडायचा तर समजून सोडावा, ठेवायचा तर न लाजता ठेवावा. पण कागद आधी वाचावा. एवढे केले, तरी या गुरूला दक्षिणा पोचली असे होईल.